मोहाखालची आग आणि सापसुरळी

गोंदिया जिल्ह्यात मार्चच्या सुमारास मोह गळू लागतो आणि फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात. ती नेमून दिलेल्या जागेत राहत नाही. मग नवेगाव-नागझिऱ्याच्या वणव्याची बातमी होते, चर्चा वाघाची आणि सागाची होते. नुकसानीचा खरा हिशेब मात्र जमिनीलगत मांडायला हवा आणि तो मांडायचा तर सापसुरळीपासून सुरुवात करावी.

आपल्याकडच्या लहान सापसुरळीचे अंग, शेपूट सोडले तर, जेमतेम सात सेंटिमीटर. तुकतुकीत खवले, त्यांखाली हाडाच्या बारीक चकत्या आणि आखूड पाय. ती चालते की सरपटते हे चटकन कळत नाही, म्हणून साप समजून तिला मारणारेही पुष्कळ; वास्तविक तिला विष नाही. दिवसा ऊन खायचे, किडे आणि कोळी टिपायचे, चाहूल लागताच पाल्यात शिरायचे, हा तिचा दिनक्रम. पकडली गेलीच तर शेपूट टाकून सुटते, पण त्याची किंमत मोजते. शेपटीत चरबी साठवलेली असते आणि नव्याने फुटणाऱ्या शेपटीत मणके नसतात, नुसता कूर्चेचा दांडा असतो. अन्न, ओल, आडोसा हे सारे तिला चार बोटे जाडीच्या पाचोळ्यात मिळते. आग आली की सांबर दूर पळते; सापसुरळीची धाव त्या पाचोळ्यातच, म्हणजे जळणासाठी रचलेल्या ढिगात. भेगेत शिरून वाचली तरी बाहेर उघडी राख, वर शिक्रा आणि पाऊस अजून दोन-तीन महिने लांब.

ही तर परसातही दिसते, तिची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. ती दुर्मीळ नाही हे खरेच. पण साप, मुंगूस, शिकारी पक्षी यांचे पोट अशा मुबलक जिवांवरच चालते. पानगळीच्या जंगलाला आग नवी नाही, हाही मुद्दा खोटा नाही; मात्र एकाच जागी दरवर्षी आग लागली तर पाचोळ्याचा थर पुन्हा साचायला अवधीच उरत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे. मोहफुलांवर अनेक घरांचा उन्हाळा निघतो आणि वेचणाऱ्यांवर गुन्हे नोंदवून आग थांबणार नाही. पण त्यांचे पोट फुलांवर आहे, आगीवर नाही. पाला झाडून बाजूला सारता येतो, झाडाखाली जाळी अंथरली तर फुलेही स्वच्छ मिळतात. जाळीला पैसे पडतात, झाडायला श्रम लागतात आणि काडीपेटी स्वस्त असते, अडचण एवढीच आहे. तो खर्च वेचणाऱ्या बाईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर करणाऱ्या शासनाने तो उचलावा, वाटप ग्रामसभांकडे द्यावे आणि जाळ्या फेब्रुवारी संपण्याआधी गावात पोहोचवाव्यात.