समुपदेशकावर देखरेख कोणाची?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या विशाखापट्टणममधील मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते, आणि कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे त्या निकालात घालून दिली गेली. न्यायालयाची तळमळ रास्तच आहे. पण शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग क्लासेस आता ‘समुपदेशक पाहिजे’ अशा जाहिराती देतील, तेव्हा आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यातून निवड कशाच्या आधारावर होणार? बहुतेक ठिकाणी पदवी पाहून. माझे म्हणणे असे की, पदवी ही किमान अट म्हणून ठीक आहे. समुपदेशनाला येणाऱ्या माणसाचे रक्षण मात्र तेवढ्याने होत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. समुपदेशकाच्या कामावर अनुभवी सहकाऱ्याची नियमित देखरेख, आणि काही चुकले तर दाद मागायची जागा. आपल्याकडे अडते ते नेमके या दोन गोष्टींपाशी.

आज कायद्याची घडी कशी आहे ते पाहू. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, त्याच्यावर वैद्यक परिषदेचा वचक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. या दोघांना वगळले की उरतो तो सर्वांत मोठा वर्ग. त्यात मानसशास्त्रात एम.ए. केलेले आहेत, समुपदेशनाची पदविका घेतलेले आहेत, आणि सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून ‘माइंड कोच’ झालेलेही आहेत. हे सगळे एकाच प्रकारची पाटी लावू शकतात. २०२१च्या ‘संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना प्रथमच आपल्या यादीत घेतले, हे मोठे पाऊल होते. परंतु त्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. या पोकळीचा परिणाम काय होतो, हे समलिंगी व्यक्तींना ‘बदलण्याच्या’ तथाकथित उपचारांच्या बाबतीत स्पष्ट दिसले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी २०२१मध्ये या प्रकारावर बंदीचे निर्देश दिले, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. आता एखाद्या डॉक्टरने असे ‘उपचार’ केले तर त्याची नोंदणी धोक्यात येते. तेच काम एखाद्या समुपदेशकाने बंद खोलीत केले, तर? जी नोंदणी झालेलीच नाही, ती रद्द कोण करणार?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे पदवीची अट कडक करणे. तो अपुरा का, हे आपल्या शेजारच्या गोव्यात झालेल्या कामावरून कळते. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगाथ’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार देणारे होते गावाशहरांतले सामान्य स्त्रीपुरुष. मानसशास्त्राचे किंवा वैद्यकाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांना ठरावीक पद्धतीचे प्रशिक्षण दिले गेले, नंतर उमेदवारी करून घेतली गेली, आणि रुग्णासोबत सहा ते आठ बैठकी घेण्याचे काम सोपवले गेले. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा थोडी सुधारून ज्यांना दिली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ या उपक्रमाने असेच स्थानिक कार्यकर्ते तयार केले. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्ही ठिकाणी पदवी नसतानाही काम उभे राहिले.

मग गोव्यात पदवीच्या जागी काय होते? तिथे समुपदेशकांच्या बैठकी रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केल्या जात. नंतर समुपदेशकांचा गट एकत्र बसून एखादे ध्वनिमुद्रण ऐके. रुग्णाचे बोलणे मध्येच तोडले का, सल्ला द्यायची घाई झाली का, गेल्या वेळी ठरवलेल्या गोष्टीची विचारपूस केली का, अशा मुद्द्यांवर प्रत्येक जण गुण देई आणि मग त्या गुणांवर चर्चा होई. सुरुवातीला तज्ज्ञ मार्गदर्शन करीत, पुढे समुपदेशक एकमेकांचे काम तपासू लागले. या व्यवसायात अशा तपासणीला सुपरव्हिजन म्हणतात. यावर आक्षेप घेता येईल की, चाचणीत सुपरव्हिजन वेगळे काढून तपासलेले नव्हते. उपचारपद्धतीची पुस्तिका, समुपदेशकांची निवड, प्रशिक्षण यांचाही वाटा असणारच. हे मान्य आहे. सगळे श्रेय एकट्या सुपरव्हिजनला देता येणार नाही. पण पदवी हा चांगल्या समुपदेशनाचा अपरिहार्य घटक आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि अनुभवाने माणूस आपोआप सुधारतो, हा समजही तितकाच कच्चा आहे. अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण यांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षे सरतील तसे या थेरपिस्टांचे सरासरी परिणाम सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. कारण उघड आहे. शल्यविशारदाची चूक टेबलावर दिसते. समुपदेशकाची चूक बहुधा पुन्हा फिरकतच नाही; मदतीला आलेली व्यक्ती पुढची वेळ घेत नाही, आणि आपण कुठे कमी पडलो हे समुपदेशकाला कधी कळतच नाही.

समुपदेशनाचा सिद्धान्तही याच दिशेला बोट दाखवतो. कार्ल रॉजर्स यांनी १९५७मध्ये मांडले की समोरच्याला समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार आणि स्वतःचा खरेपणा या गोष्टींमुळे बदल घडतो. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९मध्ये ही कल्पना अधिक नेमकी केली. उद्दिष्ट कोणते आणि त्यासाठी करायचे काय, यावर दोघांचे एकमत हवे आणि दोघांमध्ये विश्वासाचे नाते हवे, असे त्यांचे म्हणणे. थेरपी कोणत्याही पंथाची असो, या नात्याची गुणवत्ता आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध त्यानंतरच्या संशोधनात पुन:पुन्हा दिसला आहे. म्हणजे औषधाच्या गोळीला जे स्थान, ते इथे नात्याला आहे. म्हणूनच गोपनीयता, संमती, व्यावसायिक मर्यादा या गोष्टी समुपदेशनाच्या कडेला लावलेली शोभेची झालर नाहीत. विश्वास मोडला की उपचारच मोडतो.

‘पण बोलण्याने कोणाचे काय बिघडते?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. बिघडते, आणि त्याचा पुरावा आहे. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच माणसाला गाठून, एकाच बैठकीत सगळे मन मोकळे करायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. इंग्लंडमध्ये रस्ते अपघातातल्या जखमींवर तिची चाचणी झाली. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा सुरुवातीला ज्यांच्या मनावर सर्वांत जास्त परिणाम झाला होता, ते अशी बैठक मिळूनही त्रासातच होते. तितकाच परिणाम झालेले पण बैठक न मिळालेले लोक सावरले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही नंतर ही पद्धत वापरू नये असे सांगितले. ज्यांनी ती वापरली त्यांचा हेतू वाईट नव्हता, अनेकांकडे पदव्याही होत्या. काम तपासले गेले, म्हणूनच नुकसान लक्षात आले.

दुसरा आक्षेप आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आहे. गोपनीयतेची ही कल्पना पाश्चात्त्य, आपल्याकडे आईवडिलांपासून लपवायचे काय, असे अनेकांना मनापासून वाटते. यातली काळजी खरी आहे. आपल्याकडे कुटुंब हा आधार असतो, आणि चांगला समुपदेशक बहुतेक वेळा कुटुंबाला सोबत घेऊनच चालतो. पण शाळेतल्या समुपदेशकाची अवस्था काय असते ते पाहा. बसायची जागा बहुधा कार्यालयाशेजारी, नोंदवही कपाटात आणि कपाटाची किल्ली कार्यालयात. पगार शाळा देते. मुख्याध्यापकांना ‘त्या मुलीचे प्रकरण काय’ हे जाणून घ्यायचे असते, पालकांनाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण तो मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसाठी. परीक्षेची धास्ती किंवा घरातली भांडणे घेऊन आलेल्या मुलाला त्याचा आधार मिळतोच असे नाही. उलट ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणजे गुप्तता कधी पाळायची आणि कधी मोडायची, याचा निर्णय एकट्या समुपदेशकाने रोज घ्यायचा असतो, तोही पगार देणारा मालक समोर असताना. पहिल्याच भेटीत मुलाला सांगायला हवे की तुझे बोलणे इथेच राहील, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार केला असेल तर मला ते सांगावे लागेल. हे वाक्य म्हणायला अर्धे मिनिट लागते. ते पाळायचे तर संस्थेबाहेरचा कोणी अनुभवी माणूस पाठीशी असावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांमध्ये उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. अशा देशात नियम वाढवले तर आहे ती सेवाही आटेल, अशी भीती व्यक्त होते. पदवीची अट वाढवली तर ही भीती खरी ठरेल, कारण पदवीधर शहरात राहतात आणि गरज सगळीकडे आहे. देखरेखीचे तसे नाही. पाच-सहा समुपदेशकांचा गट आणि एक अनुभवी मार्गदर्शक पंधरवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बसले तरी गडचिरोलीतला कार्यकर्ता पुण्यातल्या ज्येष्ठाशी जोडला जातो. ब्रिटनमध्ये ‘समुपदेशक’ हे बिरुद कायद्याने राखीव नाही. तरीही तिथल्या बीएसीपी या मोठ्या संघटनेच्या मान्यताप्राप्त सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावे लागते, कितीही वर्षे काम केलेले असले तरी. दीड तासाने सेवा आटत नाही. आणि ‘ग्राहक न्यायालय आहेच की’ म्हणणाऱ्यांनी एवढा विचार करावा की, स्वतःच्या लग्नाची, छळाची किंवा व्यसनाची कहाणी उघड्या न्यायालयात मांडायला किती जण तयार होतील? दाद मागण्याची जागा गुप्तता राखणारी आणि हा व्यवसाय जाणणारी हवी.

म्हणून राज्य सरकारने आणि शिक्षण विभागाने समुपदेशक नेमण्याच्या सूचना काढताना तीन अटी त्यातच घालाव्यात. समुपदेशकाच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या सुपरव्हिजनचे तास आणि त्याचा खर्च लिहिलेला असावा. नोंदी कोण पाहू शकतो आणि कोण नाही, हे संस्थेने लेखी मान्य करावे. २०२१च्या कायद्याखालील राज्य परिषदेने नुसती नोंदणी करून थांबू नये. तक्रार ऐकणारी समिती पहिल्या दिवसापासून नेमावी आणि तिचा पत्ता प्रत्येक समुपदेशन कक्षात लावावा. हे होईपर्यंत वाचकांनी आपल्यापुरते एक करावे. समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा फीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: तुमच्या कामावर देखरेख कोणाची आहे, माझे बोलणे कोणाला आणि कधी कळू शकते, आणि मला काही खटकले तर तक्रार कुठे करायची? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.