जट आणि जटा

सुपे हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते १२ मे १८७५ या दिवसामुळे. त्या दिवशी बारामतीजवळच्या या बाजारपेठेच्या गावात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, कर्जखते बाहेर ओढून जाळली, आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. आम्ही तीन वर्षांपूर्वी सुप्याला गेलो ते मात्र निराळ्याच एका देण्याच्या संदर्भात. गावाबाहेरच्या वस्तीवर आमच्या परिचयाच्या कुटुंबातील एक आजी राहतात. त्यांच्या डोक्यावर अकरा वर्षांपासून जट होती. मनगटाएवढी जाड, कमरेच्याही खाली आलेली, हळदभंडाऱ्याने पिवळट झालेली. बसताना त्या ती मांडीवर घेत, जशी एखादी बाई झोपलेले मूल घेते.

आम्ही शिकलेल्या माणसाच्या थाटात विचारले, "आजी, मान दुखत नाही का?"

"दुखती की. रातचं कुशीवर वळता येत न्हाई."

"मग कापून का टाकत नाही?"

"ती माझी न्हाई बाई, आईची हाय. दुसऱ्याची वस्तू आपण कशी तोडायची?"

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो हे कबूल केले पाहिजे. स्वच्छता, उवा, मानेचे मणके वगैरे सर्व मुद्दे आमच्यापाशी तयार होते. पण ज्या वस्तूवर मालकीच दुसऱ्याची, तिच्याविषयी हे मुद्दे कोणाशी बोलायचे? कर्जखत निदान कागदावर असते, त्यावर सावकाराचे नाव असते, ते जाळता येते. हे देणे बाईच्या डोक्यावर वाढत होते, आणि ते तिने केव्हा घेतले हे तिलाही सांगता येत नव्हते.

परतताना आमच्या मनात घोळत राहिले ते एक क्रियापद. जट 'येते'. कोणी जट 'राखली' असे बाईविषयी म्हणत नाहीत. मराठीत बाईच्या शरीरावर बरेच काही असे 'येत' असते. न्हाण येते, पाळी येते, अंगात येते, पूर्वी देवी येत असत. करणारा कोणी नाही, फक्त येणारे आणि ज्यावर ते येते ते शरीर. पुरुषाला दाढीही येतेच, अशी शंका कोणी काढील. खरे आहे, पण ती उतरवण्यापूर्वी तो कोणाला विचारायला जात नाही.

दुसरा भेद जट आणि जटा या दोन शब्दांतला. व्युत्पत्ती एकच, केसांचा गुंताही तोच. पण आमच्या कानांना तरी 'जटा' म्हटले की शंकर दिसतो, गंगा दिसते, कुंभमेळ्यातले साधू दिसतात. पुरुषाने संसार सोडला म्हणून त्या वाढल्या आणि त्यांनी त्याची प्रतिष्ठा वाढवली. 'जट' म्हटले की डोळ्यांपुढे बाई येते, आणि तिने काही सोडलेले नसते. ती चूल सांभाळते, खुरपायला जाते, आणि तिला लग्नाकार्यात कोणी पुढे बोलवत नाही. एक काना गळतो आणि वैराग्याचे भय होते.

जट होते कशी, हे तसे अगदी साधे आहे. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. फणी फिरली तर ते गुंतवळ होऊन बाहेर येतात; खेडोपाडी केसांवर भांडी देणारे फेरीवाले येतात ते याच गुंतवळासाठी. फणी फिरली नाही तर गळलेले केस न गळलेल्यांत अडकतात. तेल, घाम आणि धूळ त्यांना चिकटवतात, आणि एके दिवशी बोट लागते ते एका गाठीला. आजारपणात, बाळंतपणात, मनाच्या उदासीत तेलफणी राहते हे आपण सर्व घरांत पाहतो. त्यातून सुपे हा बारामती तालुक्याचा जिरायत भाग. उसाची हिरवी बारामती कालव्याच्या बाजूला राहिली. इकडे जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाची वाट पाहायची. लांब केस डोईवरून न्हायचे तर किती पाणी लागते याचा हिशेब ज्या घरात टँकर येतो त्या घरातल्या बाईला विचारावा. अर्थात प्रत्येक जट दुष्काळाने येते असे आमचे म्हणणे नाही. पण त्या पहिल्या गाठीच्या वेळी घरातल्या कोणी कोमट पाणी, शिकेकाई आणि एक दुपार दिली असती, तर बहुतेक जटा गाठीवरच संपल्या असत्या. त्याऐवजी कोणीतरी म्हणते, "हात लावू नका, देवीनं खूण केलीय." त्या वाक्यानंतर केसांना पाणी लागत नाही, आणि पुढची वाढ आपोआप होते.

ही भीती केवळ आपलीच, असेही नाही. पोलंडमध्ये अशाच गुंत्याला कोल्तुन म्हणत आणि तो कापला तर आंधळेपण किंवा वेड येते असे लोक मानीत. क्राकूफचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात त्याविरुद्ध मोहीमच उघडली होती. तिथे देवी नव्हती, भय तेवढे होते.

आमच्या साहित्यात जट अपरिचित नाही. राजन गवस यांचे 'चौंडकं' आणि 'भंडारभोग', उत्तम बंडू तुपे यांचे 'झुलवा' या कादंबऱ्यांनी जोगतिणी-जोगत्यांचे जग अभ्यासक्रमापर्यंत आणले. 'जोगवा' (२००९) या चित्रपटातल्या सुलीचे सारे आयुष्यच केसातल्या एका जटेपासून फिरते. या कृतींविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आम्ही त्या शिकवतो त्या रीतीविषयी. जट हे 'शोषणाचे प्रतीक' आहे असे आम्ही फळ्यावर लिहितो, विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तेच परत येते. प्रतीकाला वजन नसते, वास नसतो, त्यात उवा होत नाहीत. जी वस्तू रात्री कुशीवर वळू देत नाही ती प्रतीक म्हणून वाचली की वाचणाऱ्याची मान दुखत नाही. आम्ही स्वतः पंधरा वर्षे असेच शिकवले आहे.

आणि आश्चर्य असे, की केसांच्या गुंत्याकडे पाहण्याची एक फार वेगळी दृष्टी याच भाषेत, याच मातीत सातशे वर्षांपासून आहे. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिची वेणी घालतो, डोके न्हाऊ घालतो, उवा मारतो. नामदेवाघरची दासी, तिच्या केसांकडे पाहायला घरात कोणाला वेळ असणार? ते काम देव करतो. भक्तिभावाचे कौतुक म्हणून आपण हे वाचतो आणि पुढे जातो. परंतु थोडे थांबून पाहिले तर त्यात एक निर्णय दिसतो. दासीच्या डोक्यातला गुंता ही देवाची खूण आहे असे ती परंपरा म्हणत नाही. देवाची खूण म्हणजे तो सोडवायला मागे येऊन बसलेला हात. सुप्याच्या आजी दर एकादशी करतात, जनाबाई त्यांना तोंडपाठ आहे. हे दोन देव त्यांच्या एकाच डोक्यात कसे नांदत होते, हा प्रश्न आम्हांला त्या भेटीत सुचला नाही, याचे आजही वाईट वाटते.

आता उलट बाजू. आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता, त्याने पुण्यातल्या सलूनमध्ये बरेच पैसे मोजून केसांचे लॉक्स करून घेतले होते. शिक्षकांच्या खोलीत त्याला 'जटाधारी' म्हणत. एकाने तर तोंडावरच सांगितले की आधी ते कापून ये. मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, मी दर आठवड्याला धुतो. तुमच्यापेक्षा जास्त वेळ देतो." आणि ते खरे होते. धुणे, पूर्ण वाळवणे, मुळाशी नवे केस वळवून घेणे, रात्री कापड बांधून झोपणे, असा त्याचा नेमच होता. जमैकात रास्ताफारी पंथाने १९३० नंतरच्या काळात हे केस अभिमानाने धरले. पुढे अनेक कृष्णवर्णीयांनी 'ड्रेड' म्हणजे धास्ती हा अर्धा शब्द टाकून नुसते 'लॉक्स' म्हणायला सुरुवात केली, कारण आपल्या केसांना भयाचे नाव नको. नैसर्गिक केसांच्या ठेवणीवरून नोकरीत व शाळेत भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली केला आणि मग इतरही राज्यांनी. कुरळ्या केसाच्या मुलीला 'झिपरी' म्हणून हिणवणाऱ्या आणि लग्नाआधी तिचे केस यंत्राने सरळ करून आणणाऱ्या आपल्या समाजाला यातून घेण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटते.

म्हणजे गुंतलेला केस मुळात वाईट, ही भूमिका टिकत नाही. कोणी हौसेने किंवा श्रद्धेने, जाणूनबुजून तो वाढवील, निगा राखील. त्याला कात्री दाखवणारे आम्ही कोण? प्रश्न आहे तो एवढाच, की त्या डोक्याला 'नको' म्हणता येते का. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. तेव्हाच्या सुधारकाला केस वाचवायचे होते, आजच्याला ते कापायचे आहेत. कृती नेमक्या उलट, आणि तरी दोन्ही एकाच बाजूच्या.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांची जट सोडवली आहे. त्यांचा व्यवसाय ब्यूटी पार्लरचा होता, ही गोष्ट आम्हांला योगायोग वाटत नाही. अनोळखी बाईच्या केसांत किळस न वाटता हात घालण्याचा सराव ज्याला आहे, त्यानेच हे काम करावे. (जाताजाता, 'जट निर्मूलन' हा शब्द आम्हांला खटकतो. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. इथे तर मूळ राहायला हवे आहे.) दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदाही झाला, आणि त्याचे मोल आम्ही जाणतो, परंतु आजींच्या ओसरीवर कायद्याने काय बोलावे हे आम्हांला आजही सांगता येणार नाही.

तिथे आमच्या युक्तिवादाने काहीच झाले नाही. चार महिन्यांनी एक कार्यकर्ती त्यांच्याकडे गेली, असे त्यांच्या नातीने कळवले. तिने पहिल्या दिवशी जटेचा विषयच काढला नाही. आजींच्या मागे बसून मानेला तेल चोळले आणि कुठे दुखते ते विचारले. दुसऱ्या खेपेला जट उशीवर ठेवून वजन आजींच्याच हातांनी उचलून पाहायला लावले. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या, "काय व्हायचं ते माझं हुईल, लेकरांचं नको." त्यावर ती म्हणाली, "कात्री माझ्या हातात आहे आजी, कोपली तर माझ्यावर कोपेल." अडीच तास लागले. आतल्या कातडीवर दोन जखमा निघाल्या.

आम्ही गेल्या दिवाळीत पुन्हा जाऊन आलो. केस खांद्यापर्यंत आले आहेत, पांढरे आणि बरेच कुरळे, हे त्यांचे त्यांनाही आठवत नव्हते. नात मागे बसून फणी करत होती आणि आजी "हळू गं, हळू" म्हणत होत्या. कापलेली जट फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेली आहे. नदीत सोडू असे सून म्हणते. आजी म्हणतात, राहू दे अजून.