‘ग्रुप’चें एकछत्री राज्य

मराठींत समूहवाचक शब्दांचा तोटा आहे असें कोणी म्हणेल, तर मंडईंतील भाजीवालीसुद्धां त्यास हंसेल. कोथिंबिरीची जुडी, केळ्यांचा घड, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड, आंब्यांची अढी हे शब्द कोणा पंडितानें कोशासाठीं घडविलेले नाहींत. कष्ट करणाऱ्या हातांनीं ते घडविले. म्हणूनच वस्तु पुष्कळ आहेत एवढेंच न सांगतां त्या एकत्र कशा आल्या, हेंहि ते सांगतात. जुडी बांधलेली, चळत एकावर एक रचलेली, घड एकाच दांड्यावर वाढलेला, अढी पिकण्यासाठीं गवतांत घातलेली.

परंतु अलीकडे पक्ष्यांचा ग्रुप, हत्तींचा ग्रुप, गायकांचा ग्रुप, यात्रेकरूंचा ग्रुप! थवा, कळप, वृंद, जथा या सर्वांस एकदम रजा. ज्यांचें हें अनुकरण, ते इंग्रज तरी असें बोलतात काय? त्यांच्या पक्ष्यांचा ‘फ्लॉक’, गुरांचा ‘हर्ड’ आणि किल्ल्यांचा ‘बंच’ असतो. म्हणजे आम्हीं इंग्रजीची श्रीमंतीहि घेतली नाहीं. एक झिजलेलें नाणें तेवढें उचललें.

आम्ही परशब्दांचे वैरी नव्हे. टेबल आणि बस हे शब्द वस्तूंबरोबर आले. ते खुशाल नांदोत. भ्रमणध्वनीवरील संभाषणमंडळासहि ‘ग्रुप’ म्हणावें, कारण ती वस्तूच त्या नांवानें घरांत आली. आमचा आक्षेप आहे तो घरचा धनी बाहेर काढून पाहुण्यास ओसरी देण्यास.

“ग्रुप सोयीचा, मराठी शब्द जड,” हें उत्तर ठरलेलें आहे. मग ‘बचत गट’ खेडोपाडीं स्त्रियांच्या तोंडीं कसा रुळला? ‘रक्तगट’ कोणास अडला? आणि ज्या गांवांत बचत गट चालतात, तेथेंच ‘ग्रुप ग्रामपंचायत’ अशी पाटी कां झळकावी? येथें अडचण शब्दाची नसून आळसाची आहे.

शाळेंत समूहदर्शक शब्द गुणांपुरते पाठ होतात आणि परीक्षा संपतांच विसरले जातात. ज्या मुलास ‘अढी’ ठाऊक नाहीं, त्यास आंबा कसा पिकवितात हेंहि बहुधा ठाऊक नसतें. शब्दाबरोबर विद्याहि जाते. 2024 सालीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु दर्जा सरकारास देतां येतो. थव्यास थवा म्हणणें मात्र ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.