शुगरच्या गोळीला दुआ, मनाच्या गोळीला टोमणा

रमजानमध्ये मोहल्ल्यात कुणी विचारलं, "रोजा है ना?" आणि चाचा म्हणाले, "शुगर है", तर विषय संपतो. वर तब्येतीसाठी दुआ मिळते. तेच एखाद्या तरुणाने "मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत" म्हणावं! लगेच सल्ला येतो, "गोळ्या सोड, रोजे ठेव, ईमान पक्कं कर."

हा दुजाभाव कुठून आला? आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. त्यात शरीराचा आजार आणि मनाचा आजार अशी फोड नाही. ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्यावर तर शरीअत जबाबदारीच टाकत नाही. अल्लाहने उतरवलेलं ओझं पुन्हा चढवणारे आपण कोण?

हा नुसता बोलण्याचा वाद नाही. बायपोलर आजारात अनेकांना लिथियम देतात. शरीरातलं पाणी कमी झालं तर ते रक्तात वाढून विषबाधा होऊ शकते. अशा रुग्णाला डॉक्टरांना न विचारता रोजा ठेवायला लावणं ही नेकी नव्हे.

दुसरा रामबाण उपाय म्हणजे "शादी कर दो, ठीक हो जाएगा." आजार लपवून निकाह होतो. मुलगी सासरी चोरून गोळी घेते, कधी चुकते, आजार उलटतो आणि मग तलाकची भाषा सुरू होते. दोष कुणाचा? आजाराचा की लपवाछपवीचा?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण तिथे जळून गेले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णांना साखळीने बांधण्यास बंदी घातली. जिभेची साखळी मात्र अजून शाबूत आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एकीत 'पागल', दुसरीत 'वेडा', शिवी दोन्हींत तयार आहे. 'बीमार' आणि 'आजारी' हे शब्दही आहेतच की. ते वापरायला काय जातं?

दुआ जरूर करा, पण दवा बंद करून नको. इलाज करा, ही पैगंबरांचीच शिकवण आहे. इमामसाहेबांना माझी विनंती आहे, जुम्याच्या एका बयानात एवढं सांगा. आणि ज्यांना कुणाशी बोलता येत नाही, त्यांनी टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.