कारागिराचे मन आणि मालकाची वही

यंत्रमागावर एकच कारागीर एका वेळी अनेक माग सांभाळतो. तार तुटली आणि त्याचे लक्ष दुसरीकडे असले, तर खराब कापड निघते आणि भाव पडतो. जळगावच्या फुले मार्केटातही तेच. नोकर साडेपाच मीटरच्या जागी पाच मीटर फाडतो, भाव चुकीचा सांगतो. मालक सर्वांदेखत ओरडतो, "घरचे रडगाणे घरी ठेवून येत जा!"

व्यापारी बांधवांनी जरा विचार करावा. माझ्या पाहण्यात या रडगाण्यामागे बहुधा दवाखाना असतो किंवा कर्ज. मागावरची मजुरी कापडाच्या मापावर मिळते; खाडा पडला की पैसा बंद. म्हणून मूल तापाने फणफणत असले तरी बाप मागावर येतो. त्यात मालकाची उचल. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही, अशी वहिवाट काही ठिकाणी आहे. कर्जापोटी माणूस असा बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे ज्याला आपण त्याची खासगी अडचण म्हणतो, ती पुष्कळदा आपल्याच वहीत लिहिलेली असते.

चहाच्या वेळी बाजूला घेऊन एकदा विचारावे. घरातले भांडण असेल तर तो सांगणार नाही, खोदू नये. पंधरा दिवस त्याच्याकडून कात्री आणि गल्ला काढून घड्या घालायला बसवावे, पगार तोच ठेवून.

दवाखान्याचे म्हणाल, तर राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे होते. जळगाव पुढच्या वर्षी आले. आता तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पण रेशनकार्डातले नाव चुकलेले असते, आणि बिचारा सावकाराकडे धावतो. मुनीमजींना अर्धा दिवस त्याच्यासोबत पाठवा. सावकार बिनपरवान्याचा असेल तर २०१४ च्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. उचल द्यायचीच तर बिनव्याजी द्यावी, हप्ता झेपेल एवढाच कापावा.

काही जण म्हणतील, असे लाड केले तर उद्या सगळेच रडत येतील. एखादा येईलही. त्यासाठी मुदत आधीच सांगावी. महिनाभरात हात सुधारला नाही, तर त्याचा हिशेब पूर्ण चुकता करून मोकळे करावे. उचल बाकी आहे म्हणून अडवू नये.