हमी बँकेला, हप्ता आपल्याला

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. कापड, औषधे, किराणा, हिशेबाच्या वह्या, सगळे चिखलात गेले. राज्य सरकारने दुकानदारांना कमाल 50 हजार आणि टपरीधारकांना कमाल 10 हजारांची मदत जाहीर केली. एवढ्या पैशात दुकान साफ होते, शटर दुरुस्त होते. माल भरायला मात्र कर्जच काढावे लागते.

अशा वेळी 'सरकारी हमीचे कर्ज' हे शब्द धीर देतात. पण मित्रांनो, ही हमी बँकेला असते. हप्ते थकले तर सरकार बँकेचे नुकसान भरून देते. कर्जदाराच्या डोक्यावरचे कर्ज तसेच राहते.

शिवाय ते सगळ्यांना मिळतही नाही. मे 2020 मध्ये केंद्राने कोरोनाग्रस्त उद्योगांसाठी 3 लाख कोटींची आपत्कालीन कर्ज हमी योजना आणली. वेगळे तारण नको, मुद्दलाला वर्षभर सवलत. पण सुरुवातीला रक्कम ठरली ती 29 फेब्रुवारी 2020 रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या 20 टक्के. ज्याने कधी कर्जच घेतले नव्हते, त्याच्या वाट्याला शून्याचे 20 टक्के आले.

आपल्या मोहल्ल्यातली बेकरी, गॅरेज, भंगाराचे दुकान, शिलाईचा कारखाना यांपैकी किती जण या शून्यात आहेत? काही जण व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहतात. त्यांच्या भूमिकेचा आदर आहे. पण व्याज नाकारणे वेगळे आणि हिशेब न ठेवणे वेगळे. कर्ज नको असले तरी सरकारी मदतीच्या पंचनाम्यात दुकान आपले आहे, हे दाखवावेच लागते.

सरकारकडे मागणी स्पष्ट हवी: आधी पुरेशी थेट मदत, मग कर्ज, आणि कर्जासाठी जुन्या कर्जाची अट नको. हे अशक्य नाही. जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना विनातारण 10 हजारांपर्यंत पहिले कर्ज मिळाले. तिथे आधीच्या कर्जाची अट नव्हती.

तोवर आपल्या हातातले काम आपण करू. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि ऑनलाइन होते. या रविवारी अब्बांच्या दुकानाची नोंदणी करा. परवाना, भाडेकरार, मालाची बिले यांचे फोटो काढून ईमेलवर ठेवा. वह्या पुन्हा भिजल्या, तरी दुकानाचा पुरावा वाहून जाणार नाही.