नकाराचा मान

महाराष्ट्रात दारूचा प्रश्न चर्चेस आला की वाद बहुधा दुकानांच्या परवान्यांपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. या प्रत्येक वेळी महसूल, चोरटी विक्री आणि स्त्रियांची आंदोलने यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले, आणि ते आवश्यकही होते. परंतु ज्याने स्वतःपुरती दारूबंदी अमलात आणली आहे, त्या माणसाचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मद्यासक्ती हा आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांना द्यावे लागेल. मात्र अशा केंद्रातील दिवस एका अर्थी सुरक्षित असतात. तेथे दारू दृष्टीस पडत नाही. भोवतालची माणसे एकाच दुःखातून गेलेली असतात. खरी परीक्षा दाराबाहेर पाऊल टाकल्यावर सुरू होते. भाच्याच्या लग्नातील हळद, कचेरीतील सहकाऱ्याची बढती, गटारीची अमावास्या, धुळवड, वर्षअखेरीची रात्र! या प्रसंगांपासून पळून जावे तर माणूस आप्तमित्रांना पारखा होतो, आणि त्यांत मिसळावे तर पेला समोर येतो.

या पेल्याहूनही घातक असतो तो आग्रह. पाहुण्याला आग्रह करून वाढावे, हा मराठी घराचा जुना संस्कार आहे. पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी वाढणारा यजमान प्रेमळ समजला जातो. पंगतीत जे शोभते, तेच मद्यपानाच्या बैठकीत क्रूर ठरते. ‘एवढ्याने काय होते?’ हा पहिला प्रश्न, ‘आमच्या शब्दाला काही मान आहे की नाही?’ हा दुसरा, आणि ‘बायकोला भितोस काय?’ हा शेवटचा. या तिसऱ्या प्रश्नाने निग्रहाला भित्रेपणाचे रूप दिले जाते, आणि चार माणसांत झालेली ती मानहानी सोसणे कित्येकांना व्यसनाच्या ओढीपेक्षाही कठीण जाते.

१९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने हे मर्म अचूक पकडले होते. सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम त्याचे दुःख हलके करण्याच्या मिषानेच येतो. पुढे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून कामधंद्याच्या शोधात निघतो, तेव्हा प्रतिष्ठितांकडून त्याच्या वाट्याला अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटक पाहून हळहळणारा प्रेक्षक या दुसऱ्या अधःपाताचा विचार फारसा करीत नाही. कारण तेथे दोषाचा वाटा समाजाकडेही येतो.

व्यसनमुक्तीच्या शास्त्राचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. अॅलन मार्लॅट आणि ज्यूडिथ गॉर्डन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, माणूस पुन्हा पिऊ लागण्याच्या प्रमुख कारणांत मनाची खिन्नता आणि आपसांतील कलह यांच्या जोडीला भोवतालच्या माणसांचे दडपणही गणले आहे. शिवाय धोका केवळ मनाचा नाही. दारू सोडलेल्या काही रुग्णांना डायसल्फिरामच्या गोळ्या देतात. ही गोळी घेणाऱ्याच्या पोटात थोडीशी दारू गेली तरी चेहरा लालबुंद होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब घसरणे असे प्रकार होतात. क्वचित जिवावरही बेतते. गोळी बंद केल्यानंतरही सुमारे दोन आठवडे हा परिणाम टिकू शकतो. तेव्हा गंमत म्हणून एखाद्याच्या सरबतात गुपचूप दारू मिसळणे हा विनोद नसून अपराध होय.

दारू सोडलेल्या माणसाने स्वतःही काही पथ्ये पाळावयास हवीत. उपाशीपोटी, रागात किंवा थकलेल्या अवस्थेत समारंभास जाऊ नये. विश्वासाचा सोबती बरोबर न्यावा, आपले पेय आपल्या हातांनी घ्यावे, पंगत आटोपताच निघावे, आणि ‘मी घेत नाही’ हे वाक्य घरूनच तयार ठेवावे. त्यापुढे स्पष्टीकरण देण्यास तो बांधलेला नाही. आरंभीच्या महिन्यांत एखादे निमंत्रण सरळ नाकारले तरी त्यात गैर काही नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या चळवळीने जन्माची शपथ घेण्याऐवजी आजचा एक दिवस दारूविना काढण्याचा मार्ग दाखविला. लग्नघरातील संध्याकाळ पार पाडण्यास तेवढा संकल्प पुरेसा असतो.

परंतु सारा भार त्या एकट्याच्या खांद्यावर टाकून समाजाने नामानिराळे राहणे न्याय्य नव्हे. मधुमेही माणसाने पेढा नाकारला तर त्याला भित्रा म्हणण्याचे धारिष्ट कोणी करीत नाही. दारूला दिलेला नकारही तितक्याच सहजपणे स्वीकारला जावा. यजमानाने सरबत, ताक किंवा सोलकढी पाहुण्यांसमोर आधीच ठेवावी, कारण विचारू नये, आणि त्या माणसाच्या गतायुष्याची कुजबूज आपल्या घरात होऊ देऊ नये. कचेरीत मेजवानीसाठी वर्गणी काढणाऱ्यांनी ती दारूवाचूनही होऊ शकते, याचा एकदा तरी विचार करावा. यास कायदा लागत नाही की खर्च. पहिल्या ‘नको’वर हात मागे घेण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागेल, कारण त्या एका शब्दावर कुणाच्या तरी घरची चूल आणि मुलांचे शिक्षण अवलंबून असते.